चाकूकाका

खिशात घडीचा चाकू बाळगणारा माणूस गर्दीत ओळखू येत नाही. त्यासाठी घरी कुरियर यावं लागतं. खोक्यावर चिकटपट्टीचे चार थर असतात. कुणी किल्लीने ओरबाडून बघतं, कुणी दात लावतं, कुणी 'अगं, कात्री कुठे ठेवलीस?' म्हणून ओरडतं. कात्री कधीच जागेवर नसते. मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून एक गृहस्थ सावकाश उठतात, 'सरका जरा' म्हणतात आणि उजवा हात पँटच्या खिशात घालतात. टक् असा आवाज होतो. चिकटपट्टी एका रेषेत फाटते, आतल्या साडीला धक्काही लागत नाही, आणि पातं मिटून गृहस्थ पुन्हा खुर्चीत. आभार मानलेच पाहिजेत असं काही त्यांचं म्हणणं नसतं. पण कुणीतरी 'बघू तरी तुमचा चाकू' म्हणावं, एवढी माफक अपेक्षा चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

हे चाकूकाका. वय साठीच्या पुढे, नोकरी बहुधा भोसरीकडच्या एखाद्या कारखान्याच्या टूलरूममध्ये झालेली, शर्टाला दोन खिसे, पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा. प्रत्येक कुटुंबात असा एक तरी असतोच. नसेल, तर त्या घरात मोसंबी सोलायला फार वेळ लागत असणार.

मोसंबी हा काकांचा खास प्रांत. रेल्वेच्या डब्यात समोर लहान मूल बसलेलं असलं की काकांना आपोआप भूक लागते. मोसंब्याची साल देठापासून बुडापर्यंत एकसंध, न तुटता, गोल गोल उतरवायची आणि ती लांबलचक पट्टी मुलाच्या हातात द्यायची. मूल खूश, मुलाची आई धास्तावलेली. फोड पात्याच्या टोकावर धरून पुढे करायची सवय काकूंनी सोडवली म्हणतात. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यातच गेली.

काकूंचा चाकूवरचा राग तसा तात्त्विक आहे. घरात विळी आहे, सुऱ्या आहेत, आणि हा माणूस ताटातला पेरू खिशातल्या चाकूने चिरतो. त्याच चाकूने सकाळी इस्त्रीच्या वायरीचं प्लास्टिक तासलेलं असतं, दुपारी बागेतल्या कुंड्यांची सुतळी कापलेली असते. मधे एकदा तो रुमालाने पुसला की काकांच्या लेखी निर्जंतुक. वर धार लावायला लोणच्याची चिनी मातीची बरणी लागते. बरणीच्या बुडाला एक कडं असतं, त्यावर चकाकी चढवलेली नसते, ते खरखरीत राहतं. त्यावर पातं तिरकं धरून दोन्ही बाजूंनी हलके हात मारले की उत्तम धार येते. हे खरं आहे, कपाच्या बुडावरही येते. पण त्यासाठी बरणी उलटी करावी लागते, आणि बरणी रिकामी आहे की नाही हे काका नेहमी बघतातच असं नाही.

त्यांचा स्वतःचा चाकू फ्रेंच आहे. पुतण्याने तिकडून आणला. ओपिनेल, आठ नंबरचा. बीच लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं एकच पातं, आणि गळ्याशी फिरणारं पोलादी कडं. ते कडं फिरवलं की पातं अडकतं, मिटत नाही. बस्स, एवढंच. जोसेफ ओपिनेल नावाच्या माणसाने १८९० मध्ये साव्होआच्या डोंगराळ भागात हा चाकू शेतकऱ्यांसाठी बनवला, आणि अजून त्याचं मूळ रूप तसंच आहे. कडं तेवढं १९५५ मध्ये आलं. हे सगळं तुम्हाला काका सांगतातच, तुम्ही विचारलंत की नाही याला महत्त्व नाही. त्यांचं पातं साध्या कार्बन स्टीलचं आहे. कैरी चिरली की काळं पडतं, आणि ते काळं पडणं काका मेडल दाखवावं तसं दाखवतात. आंबट खाल्लेलं पातं नंतर कमी गंजतं, असं त्यांचं म्हणणं.

पावसाळ्यात मात्र पंचाईत होते. कोकणातल्या घरी श्रावणात गेले की लाकूड फुगतं आणि पातं मुठीतून बाहेरच येत नाही. मग काका मुठीचा मागचा गोल भाग पडवीच्या खांबावर ठाणकन आपटतात आणि पात्याचं टोक बोटभर वर येतं. ही युक्ती त्यांना स्वतःची वाटायची. फ्रान्सच्या डोंगरात तिला नावसुद्धा आहे आणि तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात, हे कळल्यावर त्यांना थोडं वाईट वाटलं. मग म्हणाले, 'म्हणजे तिकडेही पाऊस असणार.'

पण काकांचं खरं रूप बघायचं असेल तर कुणाला तरी चाकू भेट द्यायला निघा. माझा भाचा बारावी होऊन कॉलेजात गेला आणि तिथल्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये शिरला. राजगड, हरिश्चंद्रगड, शनिवार-रविवारी घरी पत्ता नाही. म्हटलं, मामाने काहीतरी उपयोगाचं द्यावं. काकांना फोन केला.

'बजेट?'

'पाचशेच्या आत.'

मला वाटलं, आता हिणवणार. पण पलीकडून समाधानाचा हुंकार आला. 'उत्तम. महागाचा चाकू कधी भेट देऊ नये. माणूस तो कपाटात ठेवतो. चाकू असा हवा की हरवला तर एक संध्याकाळ हळहळ, दुसऱ्या दिवशी नवा.' आणि मग प्रश्नांची सरबत्ती. मुलगा उजवा की डावखुरा? (पातं अडकवायचे बरेचसे खटके उजव्या अंगठ्यासाठी केलेले असतात.) हाताला घाम येतो का? (येत असेल तर कार्बन स्टील नको, स्टेनलेस घ्यायचं.) फळं खातो की नुसती मॅगी? आणि नखं कुरतडतो का?

'नखांचा काय संबंध?'

'पात्यावर नखाची खाच असते, त्यात नख घालून उघडायचं असतं. नख नसलेल्या माणसाला चाकू देणं म्हणजे टकल्याला कंगवा देण्यासारखं.'

ताईला फोन करून विचारलं. कुरतडतो. म्हणजे खाच खोल हवी किंवा पात्याला अंगठ्याची बोंडी हवी, असं ठरलं, आणि रविवार पेठेतल्या बोहरी आळीत आम्ही दाखल झालो. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, साखळ्या, यातून वाट काढत काका एका दुकानापाशी थांबले. दुकानदाराने ओळखलं, कारण त्याने लगेच मागच्या पोऱ्याला चहा सांगितला. ही आता लवकर संपणारी गोष्ट नाही, हे त्यालाही माहीत होतं.

पहिला ट्रे आला तो झगमगीत. लाल मूठ, आत अकरा वस्तू. दुकानदार एकेक उलगडून दाखवू लागला आणि काका एकेकीला निकालात काढू लागले. 'हे माशाचे खवले काढायचं. याचा भाचा अंडंसुद्धा खात नाही. हा बाटलीच्या बुचाचा स्क्रू. त्याच्या आईला काय सांगणार, हा कशासाठी म्हणून? ही करवत. हिने काय कापणार, उदबत्ती?' मुठीवरचा पांढरा क्रॉस जरासा कललेला होता. काकांनी तो अंगठ्याने पुसून पाहिला आणि मग दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदार ट्यूबलाइटकडे बघत होता.

स्विस चाकूच्या असल्या नकलांवर काकांचा राग आहे, कारण अस्सलाबद्दल आदर आहे. कार्ल एल्सेनर नावाच्या माणसाने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या इबाख गावी कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले, १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली. त्याच्या आईचं नाव व्हिक्टोरिया. ती गेल्यावर त्याने तेच नाव मालाला दिलं, आणि १९२१ च्या सुमाराला स्टेनलेस स्टीलसाठीचा फ्रेंच शब्द 'इनॉक्स' त्याला जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं. काका हे सगळं उभ्यानेच सांगतात आणि शेवटी तात्पर्य काढतात, 'आईचं नाव मालावर घातलं की माणूस पोलादात काटकसर करत नाही.' तेवढ्या वेळात दुकानदाराने दोन गिऱ्हाइकांना बिजागऱ्या विकल्या.

दुसऱ्या ट्रेमध्ये खटक्याचे चाकू होते. बटण दाबलं की फटकन उघडणारे. मला बरे वाटले. काकांनी ट्रेच मागे सरकवला. 'उद्या पोलिसाने बॅग उघडली तर त्याला ट्रेकिंग समजावत बसायला तुझ्याकडे वेळ आहे का?' सिनेमाने चाकूचं नाव बद्दू केलं, ही त्यांची जुनी तक्रार. रामपूरच्या कारागिरांनी एवढं सुरेख पातं घडवलं, आणि ते पडद्यावर गेलं ते गुंडांच्या हातात. १९६५ च्या 'वक्त'मध्ये राजकुमारने चाकू हातात घेऊन चार शब्द बोलल्यापासून, काका म्हणतात, सभ्य माणसाने चारचौघांत पेरू चिरायची सोय राहिली नाही. शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, घरगुती आणि शेतीकामाची अवजारं सोडून, हेही त्यांना पाठ आहे. आपलं साडेतीन इंचांच्याही आत आहे, हे ते न विचारता सांगतात. फक्त विमानाच्या केबिनमध्ये साडेतीन इंचही चालत नाही. एकदा सुरक्षा तपासणीत त्यांचा एक चाकू गेला. चूक त्यांचीच होती, सामानात टाकायचा तो खिशात राहिला. तरी डब्यात पडलेल्या नेलकटरांच्या ढिगावर आपला चाकू पडताना त्यांनी पाहिला, तो प्रसंग काकू आजही कुणाला काढू देत नाहीत.

तिसरा ट्रे साधा. लाकडी मुठी, एकेक पातं. काका स्टुलावर बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि काम सुरू झालं. पहिली परीक्षा: पातं उघडायचं, टोक चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवायचं. रिव्हेट सैल असेल तर तिथेच कळतं. दुसरी: मिटवून वरून बघायचं, पातं दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध बसतंय का. एका बाजूला घासत असेल तर धार रोज मिटताना मरते. तिसरी: उजेडाकडे धरून मूठ आणि पट्टी यांच्यामधून प्रकाश दिसतोय का बघायचं, दिसला तर तिथे पाणी शिरणार, मीठ शिरणार, गंज धरणार. चौथी ऐकायची. पातं अर्ध्यावर आणून सोडलं की कमानीने ते ठणठणीत मिटलं पाहिजे. काकांनी एकेक चाकू कानाशी नेला. एकाला म्हणाले, 'सर्दी झालीय.' तो बाद.

शेवटची परीक्षा मात्र गमतीची नाही. ज्या चाकूला लॉक आहे त्याचं पातं उघडून अडकवायचं आणि पात्याची बोथट पाठ काउंटरच्या कडेवर दाबायची, बोटं मिटण्याच्या वाटेतून बाहेर ठेवून. लॉक सुटलं तर तो चाकू फुकटसुद्धा घ्यायचा नाही, कारण उद्या तो नारळाच्या शेंडीत अडकल्यावर भाच्याच्याच बोटांवर मिटणार. दोन चाकू इथे गळाले. दुकानदार म्हणाला, 'काका, या भावात एवढं कोण बघतं?' काका म्हणाले, 'या भावातच बघायचं. महागात कंपनी बघते.'

उरला त्यातला एक. पितळी टोप्यांची शिसवी मूठ, खोल खाच, पातं तर्जनीएवढं. काकांनी वर्तमानपत्राची कड उभी कापून पाहिली. जरा अडखळला. 'पोलाद मऊ आहे, पाणी थोडं कमी दिलंय. पण मऊ पोलादाची धार जशी लवकर जाते तशी लवकर येतेही. शिकणाऱ्या पोराला तेच बरं.' दुकानदाराने साडेचारशे सांगितले. घासाघीस तीनशे वीसवर थांबली, चहा त्याच्याकडून.

ताईने डबी उघडली आणि तिचा चेहराच पडला. 'चाकू कुणी भेट देतं का? नातं तुटतं.' काका आयुष्यभर बुवाबाजीच्या विरोधात पत्रं लिहीत आलेले. ते शांतपणे भाच्याला म्हणाले, 'एक रुपया काढ. म्हणजे तू विकत घेतलास. संपला विषय. फ्रान्समध्येही असंच देतात.' भाच्याने खिसे चाचपले आणि विचारलं, 'यूपीआय करू?' काकांनी ठाम नकार दिला. नाणंच पाहिजे. शेवटी ताईने देवघरातून रुपया आणून दिला. तो भाच्याने काकांना दिला, काकांनी मला दिला, आणि 'तुझा विश्वास नसेल तरी ठेव' म्हणाले. भाचा तोवर सोफ्याच्या कडेवर पेन्सिल तासायला लागला होता.

तुमच्या नात्यात असे काका असतील तर चाकू घ्यायला त्यांना जरूर बरोबर न्या, मात्र संध्याकाळ मोकळी ठेवून निघा. आणि एकट्याने घेऊन आलात, तर त्यांनी किंमत विचारल्यावर निम्मी सांगा. 'फसवलं तुला' हे तरीही ऐकावंच लागेल.