आणणारे नाना

जळगावात महाबळला जा, पिंप्राळ्याला जा नाहीतर रिंग रोडच्या बाजूला, प्रत्येक कॉलनीत एक नाना असतातच. जिल्हा परिषदेतून निवृत्त, बँकेतून निवृत्त किंवा भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त. शेती गावाकडे, वाट्याने दिलेली. मुलगा पुण्यात, मुलगी नाशकात. सकाळी फिरायला मेहरूण तलाव. या नानांना चहा करता येत नाही. गॅसच्या शेगडीचं कुठलं बटण कुठल्या बर्नरचं, हे त्यांनी संसारभर स्वतःला कळू दिलेलं नाही. आणि तरीही पाहुणचारासाठी नाव निघतं ते त्यांचंच, काकूंचं नाही.

कारण नाना करत नाहीत. नाना आणतात.

“तू काही करू नको, मी आणतो,” हे त्यांचं वाक्य ऐकलं की काकूंच्या पोटात गोळा येतो. नाना जे आणतात ते काढायला डबे लागतात, डबे रिकामे करायला दुसरे डबे लागतात, आणि हे सगळं ‘काही न करण्यात’ मोडतं.

आमच्या कॉलनीतल्या नानांना मुलीने लग्नाच्या वाढदिवसाला एक लाकडी पाट पाठवला. लांबट, मूठ असलेला, खाली पाय नसलेला. सोबत मोबाइलवर फोटो. फोटोतल्या पाटावर खारवलेल्या मांसाच्या चकत्या, चीजचे तुकडे, ऑलिव्ह, द्राक्षं, बिस्किटं. “पप्पा, याला शार्कुटरी बोर्ड म्हणतात. यात शिजवायचं काही नसतं. सगळं दुकानातून आणायचं आणि छान मांडायचं.” नानांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाले, “म्हंजे मी करतो तेच की भो. यांनी फक्त पाट घेतला.” मांसाचा मुद्दा त्यांनी काकूंच्या चतुर्थीवर ढकलून निकालात काढला आणि त्या दिवसापासून पाट कामाला लागला.

पाहुण्यांचा फोन आला की नानांची स्कूटर निघते. हँडलला कापडी पिशव्या: एक ‘दाबलं तरी चालेल’ची, दुसरी ‘हात लावू नको’ची.

पहिला मुक्काम केळीच्या वेफरचा. पाकीटबंद वेफर नानांच्या हिशेबी गुन्हा आहे. सावदा-फैजपूरकडच्या रस्त्यावर कढईच्या वर किसणी धरून कच्चं केळं सरळ तेलात सोडतात, ते दृश्य पाहिलेला माणूस पाकीट कसं फोडेल, असा त्यांचा सवाल असतो. आपल्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे ते वेफरवाल्यालाच सांगतात. घाण्याची पाळी येईपर्यंत उभे राहतात, वेफर कागदी पिशवीत घेतात आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवतात. गरम वेफर प्लास्टिकमध्ये बांधले की वाफेने मऊ पडतात. हे शास्त्र त्यांनी मलाही समजावलं आहे, मी न विचारता.

याच कढईपाशी नानांचं सर्वांत मोठं संशोधन घडलं. बिबडे! ज्वारीचे, तीळ-लसूण घातलेले बिबडे त्यांना बचत गटाच्या बायकांकडून मिळतात, पण कच्चे. तळायचे तर घरी गॅस, म्हणजे काकू, म्हणजे ‘मी आणतो’ या तत्त्वाला बाध. तेव्हा नानांनी बिबड्यांची पिशवी वेफरवाल्यापुढे धरली. तो आधी नाही म्हणाला. कढई केळ्याची आहे, ज्वारीची नाही, असं काहीतरी त्याने मांडून पाहिलं. मग नानांनी त्याच्या तळणाऱ्या पोराला दोन बिबडे देऊ केले. आता नानांची स्कूटर दिसली की ते पोरगं स्वतःच झारा बाजूला काढतं.

तिथून शेव. जळगाव ही सोन्याची पेठ, आणि सराफ बाजारातला माणूस कसोटीवर सोनं घासून पाहतो तशी नाना शेव दोन बोटांत चुरतात, वास घेतात आणि दुकानदाराच्या डोळ्यांत पाहतात. बारीक शेव पाटासाठी, जाड तिखट शेव भाजीसाठी. या दोहोंची गल्लत झाली की काय होतं, हे पुण्याहून आलेल्या एका भाचेजावयाने दाखवून दिलं. त्याने भाजीची शेव मूठभर कोरडीच तोंडात टाकली आणि नंतर बराच वेळ फक्त मान हलवून संभाषण केलं.

हिवाळ्यात मात्र नानांना खरा बहर येतो. थंडी पडली की जळगावात भरीत किलोवर मिळतं, वजन करून, डब्यात भरून. बाहेरगावच्या माणसाला हे खोटं वाटतं. पण इथे लग्नाच्या बोलणीपासून शेतातल्या पार्टीपर्यंत सगळं भरितावर होतं, आणि भरिताच्या वांग्यालाही केळ्यासारखंच 2016 सालचं मानांकन आहे. नाना काउंटरवर जाऊन एखाद्या निरीक्षकाच्या आवाजात विचारतात, “वांगं कुठलं? बामणोदचं का?” मग, “पऱ्हाट्यांवर भाजलं का गॅसवर?” कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या धुराचा वास आला नाही तर डबा परत. बडगीत कुटलंय की मिक्सरमध्ये फिरवलंय, हे ते चमच्याला लागलेल्या दोऱ्यांवरून ओळखतात. म्हणजे तसा त्यांचा दावा आहे. कळण्याच्या भाकरी मागच्या गल्लीतल्या एका मावशींना आदल्या दिवशी सांगितलेल्या असतात. ठेचा त्यांच्याकडूनच. मेहरूणची बोरं फुले मार्केटच्या बाहेरून, एकेक निवडून. उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास गेला की भरीत नाही, बोरं नाहीत. तेव्हा नाना कैरी, काकडी आणि दही यांवर दिवस काढतात आणि थोडे खचलेले दिसतात.

मांडणीच्या वेळी स्वयंपाकघरात प्रवेश बंद. नानांचे नियम कडक आहेत. भरीत मधोमध, खोलगट वाटीत, वर कांद्याची पात. ओलं आणि कुरकुरीत यांचा शेजार नको. दही आणि बिबडा यांच्यात किमान दोन बोटं अंतर. शेंगदाणे फटी बुजवायला. केळं कापायचं ते सर्वांत शेवटी, नाहीतर काळं पडतं. आणि वेफर पाटावर येणार ते पाहुण्यांच्या गाडीचं दार वाजल्यावरच. कळण्याची भाकरी ते कात्रीने त्रिकोणी कापतात. काकूंनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्या देवघरात जाऊन बसल्या.

फोटोतल्या पाटाला मान म्हणून एका कोपऱ्यात अमूल चीजचे चौकोनी तुकडे असतात, प्रत्येकात टूथपिक खोचलेली. ते केवळ शोभेसाठी होते. पण एकदा ठेचा सांडून चीजवर गेला आणि पाहुण्यांच्या नातवाने तेवढेच तुकडे संपवले. तेव्हापासून ठेचा चीजच्या शेजारी. मी खाऊन पाहिलंय. फ्रान्समध्ये कुणी करत नसेल तर त्यांचं नुकसान आहे.

पाट टेबलावर आला की नाना बसत नाहीत. उभे राहून पत्ते सांगतात. हे अमुक चौकातलं, ते दाणा बाजाराच्या मागचं, हे मिळायला सकाळी साडेआठला जावं लागतं. पाहुण्याने घास घेतला की नानांची नजर त्याच्या भुवयांवर. एखादी भाबडी पाहुणी कौतुकाने विचारते, “हे सगळं घरी केलंय?” नाना दुखावले जातात. “घरी? घरी कशाला? घरच्या बिबड्याला ही चव येईल?”

आणि काकू आत कप मांडत हे ऐकत असतात. त्यांनी कित्येक उन्हाळे गच्चीवर बिबडे घातलेले आहेत. पहाटे उठून ज्वारीचा घाटा हाटायचा, ऊन चढायच्या आत साड्यांवर थापायचं, पोरांना कावळ्यांवर नेमायचं, दुपारी उलटायचं. मग त्यांच्या गुडघ्यांनी संप केला आणि नानांनी बचत गटाचा शोध लावला. त्या दिवशी काकूंना भरून आलं असेल, असं तुम्हाला वाटेल. काकूंनी शेजारणींना पेढे वाटले. पेढेही विकतचे, नानांनी आणलेले.

कॉलनीत नावं ठेवणाऱ्या आहेत. “पाहुण्याला इकतचं घालतात, माय!” असं म्हणणाऱ्या आजी अजून दोन-तीन घरांत शाबूत आहेत. पण खानदेशाने विकतच्याला नाक मुरडावं हे काही शोभत नाही. शेजारच्या अमळनेरात 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. घरच्या साजूक तुपाला पर्याय म्हणून डब्यातलं विकायला निघालेली ती कंपनी आज विप्रो आहे. नावं ठेवणाऱ्या आजींपैकी एकीचा नातू बंगळूरला तिथेच नोकरीला आहे, आणि तो पगार घरी परत केल्याचं ऐकिवात नाही.

नानांना तोडीस तोड भेटले ते धुळ्यात, आणि तेही व्याही म्हणून. देवपुरातले हे व्याहीही आणणारेच, फक्त त्यांच्याकडे पाटाऐवजी पितळी परात. धुळे म्हणजे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात ते गाव. त्यामुळे त्यांच्या परातीत गुजरातेतला फाफडा आणि माळव्यातली लवंग शेव शेजारी शेजारी येऊन बसते. शिवाय त्यांच्या हाती एक हुकमी पान आहे. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची नवी पेठ सरळ रेषेत आखली आणि जुन्या गावात अजून गल्ल्यांना नंबर आहेत. त्यामुळे व्याही नुसते आकडे सांगतात: “शेव पाचव्या गल्लीतली, फरसाण चौथ्या गल्लीतलं.” नानांना जळगावातलं ठिकाण सांगायला जुनं थिएटर, बंद पडलेला पंप आणि एक लिंबाचं झाड लागतं. ते हरल्यासारखे होतात. वरून व्याही परात पुढे सरकवतात आणि अहिराणीत छातीठोकपणे हमी देतात, “खाई ल्या भाऊ, इकत आनेल शे, घरनं नही.”

परतीच्या नव्वदेक किलोमीटरमध्ये नाना फारसं बोलत नाहीत. पारोळा गेल्यावर एकदाच म्हणतात, “शेव चांगली होती. पण वेफर पाकिटातले होते.” आणि एरंडोलपर्यंत त्यांचा चेहरा पूर्ववत होतो.

माझ्या मते आज खानदेशात पाहुण्याला सर्वांत चांगलं खाऊ घालणारा माणूस हाच. तो घाम स्कूटरवर गाळतो, एवढाच फरक. तुम्ही त्याच्याकडे जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, फोन सकाळी करा, संध्याकाळी केलात तर ताज्या घाण्याचे वेफर मिळणार नाहीत आणि त्याची झोप उडेल. काय कुठून आणलं ते जरूर विचारा. आणि हातात मिठाईचं खोकं नेऊ नका. नाना ते उघडण्याआधी दुकानाचं नाव वाचतात.