सातासमुद्रापार शिकायला निघालेल्या बुऱ्हाणपूरकरासाठी प्राथमिक सूचना

घाबरू नका, मध्य प्रदेशात राहून घरी मराठी बोलणाऱ्या तुम्हाला परकं होण्याचा सराव आहे. पुण्यात मेसवाल्या काकूंनी "मराठी छान बोलता हो, कुठं शिकलात?" असं विचारलं होतं, आणि इंदूरला रूममेटनं "आप तो महाराष्ट्र से हो ना?" दोन्हीकडे तुम्ही हसून मान डोलावलीत. अमेरिकेत एवढंच करायचं, फक्त थंडीत.

"कुठले?" असं कोणी विचारलं तर "मुंबईजवळचा" म्हणू नका, मधे पाचशे किलोमीटर आहेत. ताजमहाल माहीत आहे का, विचारा. हो म्हणाले की सांगा, ती बाई आमच्या गावात वारली. 1631 साली मुमताज गेली ती बुऱ्हाणपुरातच, आणि आधी तिला पुरलं ते तापीपल्याड, आहुखाना नावाच्या बागेत. मग आग्र्याला नेलं. बाहेरगावी जाऊन नाव काढायची आपल्याकडची रीत अशी जुनी आहे.

"हाउ आर यू?" याचं उत्तर द्यायचं नसतं. आपल्याकडे "काय भाऊ, कसं काय?" म्हणणारा निदान चहापर्यंत थांबतो. तिथे तुम्ही आईच्या गुडघ्यांपर्यंत याल तेव्हा विचारणारा पार्किंगमध्ये पोचलेला असतो.

बऱ्याच प्राध्यापकांना नावानं हाक मारायची असते. जीभ रेटत नसेल तर "प्रोफेसर" म्हणा, चालतं. त्यांच्या खोलीत मात्र न बोलावता जा. त्यासाठी ते आठवड्यात ठरलेले तास बसून असतात, आणि कोणी फिरकलं नाही तर त्यांनाच वाईट वाटतं.

कपड्यांत किती बदलायचं, हे आनंदीबाई जोशींना विचारावं. 1883 साली, अठराव्या वर्षी त्या डॉक्टरकी शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या. नऊवारीत पोटऱ्या गारठायला लागल्या. तर गाउन नाही घेतला. साडी गुजराती पद्धतीनं नेसायला लागल्या. अमेरिकेशी जुळवून घेतलं ते सुरतमार्गे! मला हे फार आवडतं.

आपली माव्याची जिलबी मात्र सोबत नेऊ नका, वाटेत टिकायची नाही.

पहिल्या आठवड्यात दुकानात केळी दिसतील. डझनावर नाही, वजनावर. फणीतून दोनच तोडून घेतलीत तरी कोणी ओरडत नाही. स्टिकरवर बहुधा ग्वाटेमाला लिहिलेलं असेल. नाक मुरडू नका. आपल्या शेतातलं जी-नाइन केळं आणि हे, दोन्ही कॅव्हेंडिशच, एका घराण्यातली. घरी आणून एक सोला. आसपास कोणी नसेल तर केळ्याशी मराठीत बोलायला हरकत नाही.