कडबा दारात, भोपळा टेबलावर

कोलंबस, ओहायो
दिवाळीच्या आधीचा रविवार

ती. अक्कास,



फराळाचं पार्सल पोचलं. चकल्यांचा चुरा झाला, पण चुरासुद्धा तुझ्याच हातचा, तेव्हा तक्रार नाही. मुळा कारखान्याचं बॉयलर पेटलं का? नानांच्या उसाला तोड कधी मिळणार, ते कळव.

हे पत्र तू ओट्यावर बसून मोठ्यानं वाचणार आणि नाना सुपारी कातरत ऐकणार, हे मला माहीत आहे. म्हणून काही ओळींच्या आधी फुली मारलीय. त्या मनातल्या मनात वाच. विचारलं तर सांग, अक्षर लागत नाही.

× तुझ्या सुनेनं कडबा विकत घेतला. मक्याचा. एक पेंढी, बारा डॉलर. रुपयांत हजाराच्या वर जाते. आपल्याकडं कडब्याचा भाव शेकड्यावर ठरतो, इथं नगावर.

फुली संपली. तर ती पेंढी आम्ही दाराच्या खांबाला सुतळीनं उभी बांधली. शेजाऱ्यांनीही बांधलीय आणि समोरच्यांनी तर दोन्ही बाजूंना. गल्लीत एक म्हैस नाही, गोठा नाही, आणि दारोदार वैरण. सप्टेंबर सरला की इथं सगळ्यांच्या अंगात सुगी येते. पायरीवर भोपळे, गवताचे गठ्ठे, दारावर वाळक्या पानांचं तोरण, आणि आत जेवणाच्या टेबलावर तर अख्खं रान. भोपळे रात्रभर बाहेर असतात, कोणी हात लावत नाही. शिंगणापूरच म्हण. फक्त खारी येऊन कुरतडतात, त्यांना शनीचं भय नाही.

मी आधी समजत होतो, हे दुकानदारांनी काढलेलं खूळ असेल. पण नाही. आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर सर्कलव्हिल नावाचं गाव आहे. १९०३ साली तिथल्या नगराध्यक्षांनी, जॉर्ज हॅसवेल त्यांचं नाव, आपल्या पेढीसमोर भोपळे आणि मक्याचा कडबा मांडून ठेवला. लोक बघायला आले, पुढच्या वर्षी आणखी आले, आणि आता ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस तिथं भोपळ्याची जत्रा भरते. काल आम्ही जाऊन आलो. हजार पौंडांच्या वरचे भोपळे काट्यावर चढवतात. भोपळ्याचे वडे, भोपळ्याची बर्फी, भोपळ्याचं आइस्क्रीम. गावाची पाण्याची टाकीसुद्धा भोपळ्यासारखी गोल आणि केशरी रंगवलीय. आपल्याकडं घोडेगावच्या बाजारात नानांनी एवढा भोपळा नेला असता तर गिऱ्हाइकानं पहिला प्रश्न केला असता, ‘फोड करून देता का?’

नानांना खरं आवडेल ते होम्स काउंटीत. तिथं आमिश लोक राहतात. ते अजून घोड्यांनी शेती करतात, मका कापून पेंढ्या बांधतात आणि शेतातच बुचाडं उभी करतात. नानांना त्यांच्या बांधावर नेऊन सोडलं तर बोलायला भाषा लागणार नाही. ते घोड्यांचे दात बघतील, आमिश आजोबा नानांची टोपी बघतील, आणि दुपारपर्यंत पावसापाण्याचं सगळं बोलून होईल.

आता टेबलाचं. शुक्रवारी आम्ही शेजारच्या तीन घरांना जेवायला बोलावलं होतं. सुनेचं म्हणणं, विकतचं फक्त भोपळे आणि ती (अक्षर लागत नाही) पेंढी. बाकी सगळं वेचलेलं नाहीतर जुनं. मग काय, मी, ती आणि चिमी पिशव्या घेऊन बागेत. आपल्याकडं पिशवी घेऊन झाडाखाली हिंडणाऱ्या माणसाला लोक चिंचा झोडपायला आलाय म्हणतात. इथं बघणारे हसून ‘छान’ म्हणतात.

मेपलची पानं तर किती लाल, काय सांगू. त्यामागचं कारण नानांच्या कामाचं आहे, हे मोठ्यानं वाच. थंडी पडायला लागली की पानातला हिरवा रंग विरतो. पिवळा आधीपासून आतच असतो, तो उघडा पडतो. लाल मात्र नव्यानं तयार होतो, तोही पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून. दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळाला की रंग जास्त चढतो. म्हणजे साखर कारखाना झाडावरच आहे. याच झाडाच्या रसाचा पाक करतात, पण चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक. आपला ऊस शंभर किलोला दहा-अकरा किलो साखर देतो, तरी नाना उतारा कमी पडला म्हणून कारखान्याच्या नावानं बोटं मोडतात. त्यांना मेपलचा सभासद करायला पाहिजे.

पानं दोन दिवसांत वाळून मुरडतात. म्हणून सुनेनं एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी अशा द्रावणात काही पानं बुडवून, वजनाखाली दाबून ठेवली. वजनाला माझे इंजिनिअरिंगचे ग्रंथ घेतले. एवढ्या वर्षांत त्यांचा पहिला उपयोग. ओकची टोपीवाली फळं आणि पाइनची बोंडं भट्टीत घातली, नव्वद अंशावर तासभर. कारण ओकच्या फळात अळी असते आणि ती नेमकी पाहुणे जेवत असताना बाहेर येते. पाइनचं बोंड उष्णतेनं वाळून पाकळी-पाकळी उघडतं, ते बघायला चिमी भट्टीसमोर मांडी घालून बसली होती. घरभर वास सुटला. मी स्वयंपाक काय आहे म्हणून बघायला गेलो तर जंगल भाजलं जात होतं.

बकाय नावाचं एक फळ मिळालं. तपकिरी, चकचकीत, अगदी सागरगोट्यासारखं. ओहायोचा राज्यवृक्ष त्याचाच, इथल्या माणसांनाही बकायच म्हणतात. लोक नशीब उघडावं म्हणून खिशात ठेवतात, पण खायचं नाही, विषारी असतं. चिमीला तू शिकवलेले सागरगोटे ती आता यांनी खेळते. नानांना सांग, एका हातानं पाच झेलते.

पुढचं जपून वाच. इथं जुन्या वस्तू विकत घेण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. गॅरेज सेल म्हणजे लोक आपल्या घरातली नको असलेली भांडी, खुर्च्या, कपडे दारात मांडून विकतात. गुडविल नावाची संस्था आहे. १९०२ साली बोस्टनमध्ये एका पाद्रीबुवांनी सुरू केली. सुखवस्तू घरांतून जुने कपडे आणि सामान गोळा करायचं, गरिबांकडून डागडुजी करवून त्यांना काम द्यायचं आणि ते विकायचं. आपली बोहारीण जुन्या साडीवर स्टीलचं पातेलं देते, तिच्या डोक्यावरच्या टोपलीचा इतका मोठा संसार झालाय असं समज. तू म्हणशील, दुसऱ्याची उष्टी भांडी! पण ताटल्या उकळत्या पाण्यातून काढल्यात. आणि जुन्या झिलईत शिसं असू शकतं म्हणून फार जुनी नक्षीची ताटं फक्त मांडायला ठेवलीत, जेवायला नाही. कोणी वारलं की अख्खं घर विकायला काढतात, तिथं मात्र मी जात नाही. कपाटातल्या घडीला कोणाचा तरी हात लागलेला दिसतो.

× गॅरेज सेलमध्ये सुनेला चार डॉलरला एक पितळी भांडं मिळालं. तोंड पसरट, गळा बारीक, पोट गोल. बुडाला ‘इंडिया’ कोरलेलं. परदेशातून आलेल्या मालावर देशाचं नाव घालायचा कायदा इथं १८९० सालापासून आहे, म्हणून ते असतं. तिनं चिंच लावून लखलखीत घासलं, गव्हाच्या ओंब्या आणि लाल पानं खोचली आणि टेबलाच्या मधोमध मांडलं. मी ऑफिसातून आलो आणि दारातच थबकलो. अक्का, ती पिकदाणी होती. आपल्या माळ्यावर पणजोबांची आहे ना, तीच, जुळी बहीण.

सुनेला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, ‘घासलीय मी.’ विषय संपला.

पाहुणे आले. टेबलाच्या मधून तुझ्या इरकली लुगड्याचा काठ पट्टीसारखा अंथरला होता (लुगडं फाटलेलंच होतं, कात्री लावलेली नाही). सजावट बुटकी, म्हणजे समोरच्याचं तोंड दिसावं, हा सुनेचा नियम. एकटी पिकदाणीच उंच. सगळ्यांनी तिचंच कौतुक केलं. शेजारच्या निवृत्त वकीलकाकांनी चष्मा चढवला, वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘ही तर पिकदाणी!’ माझ्या हातातली वरणाची पळी तशीच राहिली. पण ते खूश! म्हणाले, आमच्या सर्वोच्च न्यायालयात अजून प्रत्येक न्यायमूर्तींच्या शेजारी पिकदाणी ठेवतात. थुंकत कोणी नाही, आता त्यात कागदाचे कपटे टाकतात. मग जेवण संपेपर्यंत पिकदाणीवर परिसंवाद झाला आणि माझ्या आमटीला कोणी विचारलं नाही.

फुली संपली. एक सांगून ठेवतो, देवीचा घट आणि ती वस्तू एका टेबलावर कधीच नव्हती. घट नवरात्रात खिडकीपाशी बसवला होता. शेतातली माती इथं कुठली, पिशवीतली विकतची आणली. पत्रावळ मिळाली नाही म्हणून बांबूच्या परडीत. गहू आणि ज्वारी बोटभर वर आली. मूग मात्र दोन दिवस आधीच उतू गेल्यासारखे पसरले. दसऱ्याला मी नानांसारखं ते धान टोपीत खोचून फिरायला गेलो. माझी बेसबॉलची टोपी आहे. समोरच्या बाई म्हणाल्या, तुम्ही टेबल डोक्यावर घेऊन फिरता का? मी म्हणालो, आमच्याकडं सुगीची शोभा अशीच असते, नऊ दिवस पाणी घालायचं आणि मग डोक्यावर घ्यायची. मला त्यांच्या कडब्यात आणि आपल्या धानात फार फरक दिसत नाही. घरात जनावर उरलं नाही की वैरणीची शोभा होते, एवढंच. आपल्या गावात गोठे कमी व्हायला लागलेत, तेव्हा सोनईतही दारात पेंढी बांधलेली दिसली तर हसू नकोस.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी इथं थँक्सगिव्हिंग. तोपर्यंत टेबल असंच राहणार. नंतर भोपळे एका शेतावर डुकरांना जातात आणि पानं कागदी पिशवीत घालून पालिकेला.

आता मुख्य काम. तुम्ही मार्चमध्ये येणार, तेव्हा सुनेची यादी: खळ्यातल्या पेटीतली लोखंडी अधोली आणि शेर, गोठ्यातली बैलांची घुंगरं, माळ्यावरचं पितळी चाडं नसेल तर लाकडी चाडं. लाकडाला साल, कीड नको आणि कशालाही माती चिकटलेली नको, विमानतळावर माती चालत नाही. बैलांच्या मुसक्या ती मागतेय, त्यात कुंडी टांगायची म्हणते, पण त्यांना शेणाचा वास आहे, तेव्हा नकोच. भंगारवाला दारात आला तर नानांना आधी व्हिडिओ कॉल करायला सांग.

× पणजोबांची पिकदाणीसुद्धा आण. सुनेला जोडी पाहिजे.

चिमीचा आजी-आजोबांना पापा.

तुझा,
बाळू

ता. क. नानांनी पेंढीचा भाव विचारलाच, तर डॉलरमध्ये सांग.