घोळीला घाई नाही

सुरतहून हजिऱ्याकडे निघालं की वाटेत इच्छापोर लागतं. इथे हिरे-दागिन्यांच्या उद्योगासाठी वेगळी वसाहत आहे. पुढे तापीचं मुख आणि समुद्र. हिरा भिंगाखाली धरून पारखायचा आणि मासा मात्र किलोवर तोलून मोकळं व्हायचं, अशी आपली रीत.

माशाला वय असतं, हे तराजूला कोण सांगणार?

21 नोव्हेंबर 2023 ला गुजरातने घोळीला राज्य मासा केलं. दोनच महिने आधी महाराष्ट्राने पापलेटला तो मान दिला होता. दोघांचंही अभिनंदन. जाळ्याच्या आसाला, म्हणजे भोकाला, मात्र या सन्मानाचं पत्र अजून पोचलेलं नाही.

बोंबलाचं बरं असतं. वर्षाच्या आसपास वयात येतो, जवळजवळ बारमाही अंडी घालतो, दोन-तीन वर्षांत कारभार आटोपतो. भूक लागली तर भाऊबंदही गिळतो. डोल जाळ्यात कितीही सापडला तरी मागे पिढी तयार. राजकीय पक्ष म्हणून नोंदवायला हरकत नाही.

पण तारलीही अशीच झटपट वाढते. तरी समुद्राचं तंत्र बिघडलं की केरळच्या किनाऱ्यावरून अशी गुल होते, की सगळे जाळ्यांना सोडून हवामानालाच शिव्या देतात. भराभर वाढणारे भराभर सावरतात, आणि तितक्याच भराभर कोसळतातही.

घोळीचं उलटं. दीड मीटरपर्यंत वाढणारा देह, वयात यायला काही वर्षं, आणि विणीच्या हंगामात सगळ्यांनी एकत्र जमायची खोड. त्यात या मंडळींना गप्प बसवत नाही. पाण्याखाली टकटक, गुरगुर चालते आणि जाणता तांडेल त्या आवाजावर जाळं टाकतो.

लग्नाला जमलेलं अख्खं गाव एका टेम्पोत भरून नेलं, तर पुढच्या वर्षी वरात कुणाची?

ऑगस्ट 2021 मध्ये पालघरच्या मुरबे गावच्या बोटीला एका फेरीत 157 घोळी मिळाल्या. लिलावात 1 कोटी 33 लाख. म्हणजे नगाला सरासरी 85 हजार, आणि तेही मुख्यतः पोटातल्या हवेच्या पिशवीसाठी, म्हणजे बोतासाठी. हाँगकाँग-चीनकडे त्याला सोन्याचा भाव. ज्याचं नशीब उघडलं त्याला नावं ठेवायचं कारण नाही. मासेमाराच्या घरात कर्ज काही बोताने फिटत नाही, रोखीनेच फिटतं. बातम्यांत कोटीचा आकडा ठळक होता. 157 हा आकडा मात्र कुणाला खटकला नाही.

महाराष्ट्राने 2023 मध्येच 54 जातींसाठी किमान आकार ठरवला. पापलेट 135 मिलिमीटरच्या खाली पकडायचं नाही. नियम चांगला. सातपाटीच्या मच्छीमारांनाही पिल्लांच्या कत्तलीचा राग आहेच. पण ही पट्टी वाचवते कुणाला? लहानांना. घोळ पकडली जाते ती मोठी झाल्यावर, अंडी घालायला जमल्यावर. पट्टी लावा, पास!

मुशीची, म्हणजे शार्कची, तर गोष्टच वेगळी. ती लाखांनी अंडी सोडत नाही, मोजकी पिल्लं जन्माला घालते. तिला लागतो तो वेळ. तो तेवढा कुठल्याच योजनेत अनुदानावर मिळत नाही.

कॅनडाने न्यूफाउंडलंडचा कॉड 1992 मध्ये बंद केला. दोन-चार वर्षांत मासे परततील असा होरा होता. उशिरा वयात येणाऱ्या माशाने सरकारी वेळापत्रक वाचलं नव्हतं. व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू झाली 2024 मध्ये, तीही मर्यादित.

बत्तीस वर्षं!

आपल्याकडे पावसाळी मासेमारीबंदी 1 जूनपासून. महाराष्ट्रात ती 31 जुलैला संपते, गुजरातने अलीकडे 15 ऑगस्टपर्यंत लांबवली आहे. मधले पंधरा दिवस माशांनी सीमेवरच्या उंबरगावच्या उत्तरेलाच, गुजरातच्या हद्दीत, थांबावं, अशी अपेक्षा असावी.