गरिबीचा कोटा पूर्ण

२५ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान जळगावात आले आणि देशभरातल्या ११ लाख नव्या लखपती दीदींच्या प्रमाणपत्रांचा सोहळा इथे झाला. सोन्याच्या बाजारासाठी नावाजलेल्या गावी लखपतींनी जमावे, हे शोभूनच दिसले. बचत गटातल्या ज्या बाईच्या घराचे वार्षिक उत्पन्न लाखावर गेले, ती लखपती. कुत्सित माणूस लगेच भागाकार करतो : लाख भागिले ३६५, म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला २७४ रुपये, आणि २०२५-२६ मध्ये रोजगार हमीच्या एका मजुराची एका दिवसाची मजुरी ३१२ रुपये. सोहळ्यात भागाकार करू नये, एवढेही काहींना कळत नाही.

याच दीदी उद्या तहसीलच्या पुरवठा शाखेत गेल्या, तर तिथेही त्यांचा मान राखला जाईल. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात रेशनकार्डाचे तीन रंग आहेत. १५ हजारांपर्यंत पिवळे, लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरे. लखपती बाईला नियमाने पांढरेच शोभते. पिवळ्याचे १५ हजार मात्र वार्षिक, आणि सगळ्या घराचे. पाच माणसांचे घर धरले तर माणशी दिवसाला आठ रुपये. तेल महागले, एसटीचे तिकीट वाढले, आमदारांचे वेतन वाढले. हा १५ हजारांचा आकडा तेवढा आपल्या जागी ठाम उभा आहे. शिवाय कोणी फसवू नये म्हणून नियमात तजवीज आहे की अशा घरात डॉक्टर, वकील किंवा चार्टर्ड अकाउंटंट नसावा, घरी टेलिफोन नसावा आणि चारचाकी नसावी. दिवसाला आठ रुपयांवर जगणारा चार्टर्ड अकाउंटंट पिवळे कार्ड लाटून नेईल, ही शक्यता ज्याला सुचली त्याची दूरदृष्टी मानली पाहिजे.

अन्नसुरक्षा कायदा आल्यावर, २०१४ पासून, प्राधान्य कुटुंबासाठी मर्यादा उदार झाली : खेड्यात ४४ हजार, शहरात ५९ हजार. आता यावल-रावेरकडचे केळीच्या बागांत राबणारे एखादे जोडपे घ्या. दोघांना रोज ३१२ रुपये पडतात असे धरले, तर प्रत्येकी ७१ दिवस काम केले की ४४,३०४ रुपये होतात आणि धान्याचा हक्क संपतो. म्हणजे त्यांनी सत्तराव्या दिवशी विळा खाली ठेवून उरलेले साडेनऊ महिने ओट्यावर बसून काढावेत, अशी शासनाची अपेक्षा दिसते. कष्टकऱ्यांच्या विश्रांतीचा एवढा विचार युरोपातल्या कामगार चळवळींनीसुद्धा केला नव्हता.

गरिबीच्या या पायऱ्या वर कुठवर जातात, हेही बघण्यासारखे आहे. वर्षाला ४५ हजार मिळवणारे खेड्यातले घर धान्यापुरते सधन. अडीच लाखांपर्यंतच्या घरातली बाई लाडकी बहीण. पावणेआठ लाख मिळवणारे घर आरक्षणासाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल. आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत आयकर नाही, कारण त्या बिचाऱ्यांकडून घ्यायचे तरी काय?

लाडक्या बहिणींच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला हवा होता, पण पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर तोही माफ. त्यामुळे आजोबांच्या नावाने निघालेले जुने कार्ड नातसुनेच्या २०२४ च्या उत्पन्नाची ग्वाही देऊ शकले. सरकारी कागद असा दीर्घायुषी असावा. पुढच्या वर्षी छाननीत २६ लाख ३४ हजार जणींचा लाभ थांबवला गेला, आणि लाभार्थींत १४ हजारांवर पुरुष निघाल्याच्या बातम्या आल्या. यात गैर काही वाटत नाही. अडीच कोटींच्या आसपास बहिणी म्हटल्यावर सोबतीला थोडे भाऊ असायचेच.

गरीब मोजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत पाहायची तर २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणाकडे जावे लागते. १३ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. ज्याला गुण कमी तो उत्तीर्ण. माणशी दोनपेक्षा कमी कपडे असले तर शून्य गुण, दहा किंवा जास्त असले तर चार. लग्नात आहेराच्या दोन साड्या आल्या की बाई गुणवत्ता यादीत खाली घसरणार! खानदेशात आहेराची हौस मोठी, म्हणून इथल्या गरिबांनी ही परीक्षा जरा जपूनच दिली असणार.

पण या सगळ्याचा कळस म्हणजे इष्टांक. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाख २९ हजार ९१७ होती आणि धुळ्याची २० लाख ५० हजार ८६२. त्याच जनगणनेच्या आधारे महाराष्ट्रात धान्य खाणाऱ्यांची संख्या ७ कोटी १६ हजारांवर बांधली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्याला वाटून दिली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे गरिबी त्या आकड्यापलीकडे वाढू शकली नाही. असा बंदोबस्त अर्थशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. गरीब वाढलेच तर ते इष्टांकाबाहेर वाढतात, म्हणजे आकडेवारीत नसतात. नातवाचे नाव कार्डावर चढवायला आलेल्या म्हाताऱ्याला खिडकीतून आदबीने सांगितले जाते, “आप्पा, इष्टांक भरला. कोणाचं नाव कमी झालं की बघू.” आप्पा विचारतात, “कोनं, मनं?” खिडकीतला माणूस यावर काही बोलत नाही. ते त्याच्या अखत्यारीत येत नाही.

तरीही गरिबी कमी करण्याचा सर्वात स्वस्त प्रयोग धुळ्याने केला, आणि त्याचे श्रेय त्याला कोणी देत नाही. १ जुलै १९९८ ला अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, शहादा, नंदुरबार हे तालुके वेगळे काढून नंदुरबार जिल्हा झाला. सातपुड्यातले उपाशी पाडे रातोरात धुळ्याच्या तक्त्यातून गेले. धुळ्याची सरासरी सुधारली, आणि त्यासाठी पाड्यांवर एक क्विंटल गहूही जास्त न्यावा लागला नाही.

हा प्रयोग मधेच सोडायला नको होता. साक्री-शिरपूरचे आदिवासी पाडे अजून धुळ्याच्या माथी आहेत. चोपडा, यावल, रावेरच्या डोंगरपट्ट्यातले पाडे जळगावची टक्केवारी उगाच बिघडवतात. त्यांचाही एक जिल्हा करावा. दोन्ही जुने जिल्हे सुधारतील, नव्याला मागास म्हणून निधी मंजूर होईल, आणि नव्याची टक्केवारी फारच वाईट दिसू लागली तर त्याचेही विभाजन करता येईल. मुख्यालय शिरपूरला की चोपड्याला यावर भांडण होणार, तेव्हा आधी एक समिती नेमावी. सदस्यांना प्रवासभत्ता मिळेल. त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.