भाता कोण मारतंय?

(लातूर. गंजगोलाईजवळचं घर. भजनी मंडळाचे पेटीवाले मामा पेटी पुसत बसलेत. पुण्यात नोकरीला असलेला भाचा रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघालाय.)

मामा : किती जणं वाजवणार म्हणालास?

भाचा : तिघं. पियानो, बास, ड्रम. जॅझ ट्रायो म्हणतात.

मामा : अन् गाणारा?

भाचा : गाणारा नसतो.

मामा : अडीच हजाराचं तिकीट अन् गाणारा नाही! नांदेडला सचखंडात जा की. रागी जथ्यात बी तिघंच. दोन पेट्या, एक तबला. गातात बी, अन् वर लंगर.

भाचा : पियानोची गोष्ट वेगळी, मामा. दोन्ही हात मोकळे असतात.

मामा : दोन्ही? मग भाता कोण मारतंय?

भाचा : भाता नसतोच. आत तारा, त्यांवर हातोड्या पडतात. सूर लांबवायला पायाशी पेडल.

मामा : म्हणजे संतूरला पायपेटीचे पाय.

भाचा : आणि बास म्हणजे माणसापेक्षा उंच वाद्य. वाजवणारा उभाच असतो.

मामा : वीणेकरी! सरळ सांग की.

भाचा : पण हा नुसता सूर धरून राहत नाही. बिल इव्हान्सच्या ट्रायोत स्कॉट लाफारो बासवरून पियानोला उत्तरं द्यायचा. पॉल मोशनचं ड्रमवर तिसरंच. साथीदार कुणीच नाही, तिघंही बरोबरीनं बोलतात.

मामा : आमच्या मंडळात बी तिघं एकदम बोलतात. त्याला आम्ही भांडण म्हणतो.

भाचा : पुन्हा तिथं ऐकणारे शांत असतात. आपल्यासारखं नाही.

मामा : हे मात्र खरं. मागच्या सप्त्यात मी भैरवी धरलो, तर समोर दोघं सोयाबीनचा भाव काढायलेत.

भाचा : म्हणून हे ऐका. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड, तळघरातला क्लब. याच ट्रायोच्या या ध्वनिमुद्रणाचं नाव घेताना जॅझवाले कानाला हात लावतात.

(मोबाइल लावतो.)

मामा : थांब. हे पेले वाजायलेत का?

भाचा : ...हो.

मामा : अन् ही बाई हसली.

भाचा : क्लब होता, मामा. लोक खातपीत ऐकायचे.

मामा : मग पंगतच की! उगं आमच्या लोकांना नावं ठेवलास. सोयाबीन तिथं बी हाय.

भाचा : पेले सोडा हो. बास ऐका.

मामा : (बऱ्याच वेळानं) हा वीणेकरी अवघड हाय. लई अवघड. अजून वाजवतो का?

भाचा : यानंतर ११ दिवसांनी मोटार अपघातात गेला. २५ वर्षांचा होता.

(मामा पेटी पुसायचं फडकं खाली ठेवतात.)

मामा : अन् हे पेलेच वाजवत बसले. परत लाव.

भाचा : गाडीची वेळ झाली, मामा.

मामा : २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. तसा एखादा पियानो धाडतेत का, ते विचारून ये. आता लाव.

(लावतो. दोघं डोळे मिटून. मधेच खण्ण.)

मामा : आगं, जरा भांडी हळू आपट की!

मामी : (ओसरीवरून) मी कवाची हितं वाती वळायले! ती भांडी तुमच्या अमेरिकेतली!