साबणाला पॅन कार्ड लागत नाही

‘आमच्या कराच्या पैशावर देश चालतो,’ असं तावातावाने सांगणारा माणूस ओळखायचा कसा? त्याचं उत्पन्न बारा लाखांच्या आत असतं.

२०२५च्या अर्थसंकल्पाने नव्या प्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत प्राप्तिकर माफ केला. तरी फुकटे कोण? छत्रपती संभाजीनगरातल्या छावणीच्या गुरुवारच्या बाजारात कनवटीची नोट सोडून साबणाची वडी घेणारी बाई!

ती कर भरते. रिटर्न भरत नाही, म्हणून रिफंडही मिळत नाही.

१ जुलै २०१७पासून आठ वर्षं तिच्या साबणावर, बिस्किटावर, केसांच्या तेलावर १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ला तो ५ झाला आणि तिला सांगितलं गेलं, ‘ही तुमची बचत.’ आधी घेतलं कुणी, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

आता काही शहाणे म्हणतात, प्राप्तिकर बंदच करा. खर्चावरच कर लावा, चोरीच होणार नाही. हे लोक हार्डवेअरच्या दुकानात कधी गेलेच नसावेत. ‘पक्कं बिल पाहिजे का? मग अठरा टक्के वर.’ यावर गिऱ्हाईक काय म्हणतं? कच्चंच द्या!

प्राप्तिकरवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळे ज्यांना ज्वारी आणि बाजरी ओळखता येत नाही त्यांच्याही कागदावर पीक जोमात असतं. दुष्काळी मराठवाड्यात तर फारच.

खर्चावर थेट कर आपल्याकडे लावूनही झालाय. कॅल्डॉर नावाच्या इंग्लंडातल्या अर्थतज्ज्ञाच्या सल्ल्याने १९५८ला बड्यांच्या खर्चावर कर आला. १९६२ला गेला, १९६४ला परत आला, १९६६ला कायमचा गेला. श्रीमंताच्या खर्चावर कर लावला की तो टिकत नाही. सगळ्यांच्या खर्चावर लावला की मध्यरात्री संसदेत सोहळा होतो.

छावणीला खेटून नागसेनवन आहे. तिथे १९५०ला मिलिंद महाविद्यालय उभं करणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी १९२७लाच मुंबई कायदेमंडळात विचारलं होतं : कमाई नसेल तर प्राप्तिकर नाही, मग पीक बुडालं तरी शेतकऱ्याला शेतसारा का? आता शेतसाऱ्याच्या जागी साबण ठेवा.

‘एक देश, एक कर’ म्हणे. सैनिकी कँटीनच्या मालावरचा निम्मा जीएसटी सरकार परत करतं. जवानांना मिळावंच. पण मग परवडत नाही त्याला सवलत देता येते, हे सरकारला ठाऊक आहे तर!

बैलावर जीएसटी शून्य, घोड्यावर सप्टेंबर २०२५पर्यंत १२ टक्के. जनावराची ऐपत सरकार बघतं, माणसाची बघायला सवड नाही.

आणि उत्पन्नावरचा कर म्हणजे न्याय, असं वाटत असेल तर पगाराची स्लिप काढा. रोजगार हमीसाठी महाराष्ट्रात १९७५ला आलेला व्यवसाय कर तिथे दिसेल. पुरुषाचा महिन्याचा पगार साडेदहा हजार असो की दहा लाख, वर्षाचे २,५०० सारखेच. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००.

सगळ्यात छोट्या महिन्यात सगळ्यात मोठी कपात. हिशेब जुळवणाऱ्या बाबूला विनोदबुद्धी होती, एवढं मानायला हवं.